जोडी जुळवतं कोण?

मुरब्याहून सातपाटीला जाणाऱ्या होडीत त्या सकाळी एक माणूस धूर घेऊन बसला होता.

खरंच धूर. त्याच्या पायांच्या मधोमध ॲल्युमिनियमचा एक बुटका, जाड डबा होता, दुधाच्या कॅनसारखा, आणि झाकणाच्या फटीतून पांढरं काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं. ते वर जात नव्हतं. खाली सांडत होतं... फळ्यांवरून, बायकांच्या पाट्यांमधून, माझ्या चपलेपर्यंत.

"ओ दादा, आग हाय का काय त्याच्यात?" गोजराबाईनं आपली पापलेटांची पाटी जवळ ओढत विचारलं.

"नाही मावशी. थंडी आहे."

"थंडी? डब्यात भरून नेताव? कोनासाठी?"

तो घुटमळला. कानापर्यंत लाल झाला. "गाईंसाठी."

होडीत असा हशा पिकला की चिंधू होडीवाल्याच्या हातातलं वल्हं थांबलं. मी मात्र हसले नाही. मी त्या डब्याकडे बघत होते.

"लिक्विड नायट्रोजन आहे ना?"

त्यानं मान वर केली. सावळा चेहरा, भुवईत एक जुनी खोक, आणि डोळे... कोणीतरी आपल्या बाजूचं भेटल्यावर होतात तसे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवाळीपासून तेच शोधतेय मी."

१९८७ सालचा नोव्हेंबर होता. मी चंद्रकांता तामोरे, मुरब्याच्या महादू तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, मुलगी, पालघरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. नोकरी तात्पुरती होती, पण गावात माझ्याआधी कोणती मुलगी एमएस्सी झाली नव्हती, त्यामुळे आय मला बाजारात मुद्दाम मोठ्यानं हाक मारायची. रोज खाडी ओलांडायची, सातपाटीला एसटी पकडायची, हा माझा रस्ता.

त्याचं नाव पंढरी ढवळे. गाव जिंतूरकडचं. बोईसरच्या एमआयडीसीत, कुंभवलीच्या अंगाला, हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे काढणारा एक कारखाना होता. त्यात तो इंजिनीअर. शिरगावच्या गुरांच्या दवाखान्यात डबा पोचवायचा होता, जीप बिघडली होती, आणि होडीनं लवकर पोचशील असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा तो होडीत बसला होता. एक हात डब्यावर आणि दुसऱ्यानं होडीची कड अशी धरलेली, की बोटं पांढरी पडली होती.

"पोहता येतं?" मी विचारलं.

"नाही."

"मग एवढं घट्ट धरून काय उपयोग?"

"बुडताना एकटं वाटू नये म्हणून."

आता मी हसले. मग चेहरा अगदी भोळा करून विचारलं, "पण गाईंना थंडी कशाला लागते?"

त्या डब्यात वळूचं बीज गोठवून ठेवतात हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याला ते बायकांनी भरलेल्या होडीत सांगायचं नव्हतं. त्यानं खाडीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं.

"ते... तुमच्या कॉलेजात जीवशास्त्राचे कोणी असतील, त्यांना विचारा."

सातपाटीच्या धक्क्यावर उतरेपर्यंत त्यानं मला नायट्रोजन द्यायचं कबूल केलं होतं. कशासाठी हवाय, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

ते विचारायला तो पुढच्या आठवड्यात कॉलेजात आला. हातात मोठा थर्मास होता.

"झाकण घट्ट लावू नका हं, मॅडम. आत वायू साठला तर थर्मास फुटेल. आता सांगा, याचं काय करणार?"

मी त्याला माझी वडी दाखवली. रुपयाच्या नाण्याएवढी. इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या संयुगांची पावडर खलात घोटून, दाबून, केमिस्ट्रीवाल्यांच्या भट्टीत भाजलेली. त्या वर्षी जगभरातल्या प्रयोगशाळांना या वडीचं वेड लागलं होतं. पुरेशी गार केली की तिच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, आणि वर ठेवलेलं चुंबक अधांतरी तरंगतं. पूर्वी असले पदार्थ इतके गार करावे लागत की ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं कामच नव्हतं. या नव्या वडीला नायट्रोजनची थंडी पुरत होती.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मला पीएचडीसाठी अर्ज करायचा होता. मुलाखतीला मी स्वतः केलेली वडी घेऊन जायची, असं मी ठरवलं होतं.

"पण ही हिरवी आहे," तो म्हणाला.

"हो... काळी व्हायला हवी होती."

आम्ही तरीही तिच्यावर नायट्रोजन ओतला. तो उकळला, टेबलावरून पांढरे लोट पायांवर उतरले, आणि मुंबईच्या माझ्या सरांनी दिलेलं चुंबक वडीवर टक्कन आपटून पडून राहिलं.

"नाही तरंगलं," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला. पुढच्या वेळी तो असणारच आहे, असं धरून.

तो येत राहिला. कधी थर्मास घेऊन, कधी थर्मास परत न्यायला. मुलं गेल्यावर आम्ही प्रयोगशाळेच्या लांब टेबलापाशी बसायचो, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत असायची, आणि तो विचारत राहायचा. कळलं नाही तर सरळ सांगायचा. पुरुषांमध्ये ही गोष्ट मला नवी होती.

"इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात ना? आम्हाला तर तेच शिकवलं."

"ढकलतात. पण फार थंडीत त्यांच्या जोड्या जमतात. मग अख्खा जथा एका लयीत चालतो, कोणाला कोणाची धडक बसत नाही."

"ढकलणाऱ्यांच्या जोड्या?" त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "जुळवतं कोण?"

"जुन्या धातूंमध्ये ते माहीत आहे. अणूंची जाळी थरथरते, तीच मध्यस्थ. एक इलेक्ट्रॉन गेला की जाळी किंचित आत ओढली जाते, आणि दुसरा त्याच्या मागं येतो."

"म्हणजे आमच्या गावच्या किसनतात्यांसारखं. इकडचं स्थळ तिकडे. आणि या तुमच्या वडीत?"

"कोणालाच माहीत नाही अजून. नेहमीच्या मध्यस्थाचं ते काम दिसत नाही."

तो थर्मासच्या तोंडावर जमलेलं दव बोटानं पुसत राहिला.

"म्हणजे मध्यस्थाशिवायही जमतं," तो म्हणाला.

मी उगाचच फळा पुसायला उठले. पुसलेलाच होता.

आणखी एकदा मी त्याला तारेचं वेटोळं आणि चुंबक दाखवलं. चुंबक वेटोळ्यात सरकवलं, सुई हलली. मग चुंबक धरून ठेवलं आणि वेटोळं त्याच्याकडे नेलं. सुई तेवढीच हलली.

"हलतंय कोण, याला अर्थ नाही," मी म्हटलं. "दोघं एकमेकांच्या संदर्भात कसे हलतात तेवढंच खरं. सापेक्षतावाद इथूनच सुरू झाला."

"त्याचा तुमच्या वडीशी काय संबंध?"

"वडीशी थोडा. मला पुढं जे करायचंय त्याच्याशी खूप. युरेनियमसारख्या जड अणूत इलेक्ट्रॉन इतक्या वेगानं धावतात की तिथं सापेक्षतावाद लागू करावाच लागतो. धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला समोरचं विजेचं क्षेत्र थोडं चुंबकासारखं वाटतं. त्यामुळे त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि त्याचं धावणं एकमेकांत गुंततं. अशांच्या जोड्या अगदी वेगळ्या असतात... नियमाबाहेरच्या. त्यांना याहून कितीतरी जास्त थंडी लागते. ते बंगळूरला करता येईल."

"किती वर्षं?"

"पाच तरी."

तो "हं" म्हणाला आणि सुईकडे बघत बसला. सुई केव्हाच थांबली होती.

दुसरी वडी काळी झाली. पण तरंगण्याचं नाव नाही. तिसरीही तशीच. मुलाखत मार्चमध्ये होती. त्यात आयनं सातपाटीचं एक स्थळ आणलं. मुलाच्या घरच्या दोन बोटी होत्या, आणि माझ्या नोकरीला त्यांची ना नव्हती. बंगळूरला मात्र होती.

माघात एका रविवारी दुपारी पंढरी थर्मास घेऊन चक्क मुरब्याला आला. कॉलेज बंद असतं हे त्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला.  आय वाळवणापाशी होती. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, ओळीच्या ओळी, समुद्रापर्यंत.

आणि आभाळ भरून आलं. अवकाळी. पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला तेव्हाच अख्ख्या पाड्यात आरडाओरडा झाला. भिजलेला बोंबील कुजतो, आठवड्याची मेहनत जाते. बायका धावल्या, मी धावले. वळून पाहिलं तर पंढरीही धावत होता, थर्मास ओटीवर ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. ज्या माणसाच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात चालत नाही, तो छातीशी बोंबलांचा भारा धरून पळत होता.

"अरे, असा नको वोढूस," आय त्याच्यावर ओरडली. "जोडी सोडव आधी, मग काढ."

"जोडी?"

मी त्याला दाखवलं. दोन बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून ते दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे.

पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. "आणि ही कोण जुळवतं?"

"आमची आय."

"मग त्यांच्याशीच बोलायला हवं मला," तो हळूच म्हणाला आणि पुढच्या दोरीकडे गेला. मी तिथंच उभी राहिले. आयनं हाक मारली तेव्हा भानावर आले.

सगळं आत आल्यावर ओटीवर आम्ही चहा घेतला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी त्याला सांगितलं की सरांनी मुंबईहून एका शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली आहे आणि माझी चूक मला सापडली आहे. वडी भट्टीत गार होताना तिला भरपूर ऑक्सिजन मिळायला हवा. नुसत्या हवेतला पुरत नाही. आता ऑक्सिजनचं सिलिंडर आणायचं कुठून...

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, चहा सांडेपर्यंत.

"मॅडम, मी ऑक्सिजनच्याच कारखान्यात आहे. इतके दिवस तुम्ही फक्त नायट्रोजन मागितलात."

तो गेल्यावर आय चुलीपाशी बसून ओले बोंबील निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा पोर रविवारी कालेज बघाया येतो?"

"आय..."

"मी काय बोललू? काय पन नाय बोललू." पण सातपाटीच्या स्थळाबद्दल त्या दिवसापासून तीही काही बोलली नाही.

चौथी वडी ऑक्सिजनमध्ये रात्रभर सावकाश गार झाली. ती काढली तेव्हा तिच्यात काही वेगळं दिसत नव्हतं. आम्ही ती पत्र्याच्या झाकणात ठेवली. पंढरीनं नायट्रोजन ओतला. वाफांमधून काहीच दिसेना. मी चिमट्यानं चुंबक धरलं, खाली नेलं... आणि चिमटा सोडवेना. 

"सोडा," तो कानाशी म्हणाला.

मी सोडलं. ते पडलं नाही. वडीच्या वर, बोटभरही नाही इतक्या उंचीवर ते थांबलं, जरासं डुललं आणि तरंगत राहिलं. पंढरीनं पेन्सिलीनं त्याला हलकेच टिचकी मारली, तर ते गोल गोल फिरायला लागलं, कशालाही न टेकता.

दारात आय उभी होती. बाजार आटपून रिकामी पाटी घेऊन मला न्यायला आली होती. ती पुढं आली, वाकली, चुंबकाच्या खालून हाताचं बोट फिरवायला गेली, पण पंढरीनं तिचा हात मध्येच थांबवला. "फार गार आहे, मावशी. भाजेल."

"धरलंय कोनी?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, आय."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग पदरानं डोळे टिपले. म्हणाली, वाफ गेली डोळ्यांत. त्या वाफेनं डोळ्यांत पाणी येत नाही, हे तिला सांगायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मुलाखतीत मी वडी दाखवली, जड अणूंबद्दल बोलले, एका प्रश्नाला उत्तर येत नाही असं स्पष्ट सांगितलं. मे महिन्यात निवड झाल्याची तार आली. बा तेव्हा समुद्रावरून परतला होता, त्यानं पाड्यात साखर वाटली.

पंढरी आला, अभिनंदन म्हणाला. आम्ही किनाऱ्यावर चालत होतो. ओहोटी होती, ओल्या वाळूत खेकड्यांची भोकं.

"उद्या गावाला चाललोय," तो म्हणाला. "मायनं मुलगी बघून ठेवलीय. नकार सांगायला."

"कारण काय सांगणार?"

"सांगेन की मला एक मुलगी आवडते. कोळ्यांची आहे. मासे खाते. आणि पाच वर्षं बंगळूरला जाणार आहे." तो श्वास घ्यायला थांबला. "माझी माय माळकरी. तिच्या चुलीला अंड्याचं टरफलसुद्धा लागलेलं नाही कधी. तिला हे झेपेल की नाही, मला माहीत नाही. पण खोटं नाही सांगणार."

"आणि त्या मुलीनं हो म्हटलंय?"

"तिला अजून विचारलं नाही. म्हटलं, विचारलं तर ती थांबेल-बिंबेल... तिनं जायला हवं."

मला राग आला. हसूही आलं. "ती थांबणार नाही. जाणारच आहे. तेव्हा तुम्ही बिनधास्त विचारा."

त्यानं विचारलं. अगदी साध्या शब्दांत, समुद्राकडे बघत, आणि शेवटी माझ्याकडे बघत. मी हो म्हटलं. एक लाट आली, आमच्या दोघांच्या चपला घेऊन गेली, आणि त्याची एक चप्पल आम्हाला परत मिळालीच नाही.

मग तो गेला. दिवस जात राहिले. पत्र नाही, निरोप नाही. मी बंगळूरची ट्रंक भरत होते आणि प्रत्येक वस्तू दोनदा काढून पुन्हा ठेवत होते. आय काही विचारत नव्हती. नुसतं माझं ताट जरा जास्त भरत होती.

जूनच्या सुरुवातीला तो आला. सोबत एक उंच, वाळक्या अंगाची बाई, हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. त्याची माय, रखमाबाई.

आयनं सकाळपासून घर सारवलं होतं, उदबत्त्या लावल्या होत्या. पण मुरब्याची हवा उदबत्तीनं बदलत नाही. रखमाबाई ओटीवर बसल्या. पाणी प्यायल्या नाहीत. गूळ तेवढा घेतला. जरा वेळानं त्यांनी मला समोर बसवलं.

"पाच वर्सं म्हंतो ह्यो. खरं हाय?"

"हो."

"तितं काय करनार?"

"काही पदार्थ असतात... त्यांच्यात जोड्या का जमतात, ते शोधणार."

त्यांनी लेकाकडे बघितलं. "तुमी कदी लगीन करनार मग?"

"मी थांबतो, माय," पंढरी म्हणाला.

"तुला कोन इचारतंय? तू तर थांबशीलच, येडा हायेस." त्या माझ्याकडे वळल्या. "बाप्या मानूस थांबतो म्हंतो आन् गाव त्याला हसतं. त्या हसन्याची सवय त्याला हाय. तू सांग. तितं शिकली-सवरलेली लई असतील. तू थांबशील का ह्याच्यासाठी?"

प्रश्न अगदी सरळ होता. पाच वर्षं, अनोळखी शहर, काय होईल कोण जाणे. मी पंढरीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. माझ्या उत्तराला आपला धक्का लागू नये म्हणून.

"थांबेन," मी म्हटलं. "पण मासे सोडणार नाही."

आयनं तोंडाला पदर लावला. रखमाबाई माळेचा मणी बोटांत फिरवत राहिल्या.

"माज्या चुलीवर न्हाई शिजनार," त्या शेवटी म्हणाल्या. "तुज्या चुलीवर काय शिजवायचं ते तुजं तू बग. आन् माज्या घरी आलीस की भाकर खायाची. गपगुमान."

"चालंल," आय माझ्याआधी म्हणाली. "आमी तुमाला वेगली भांडी ठेवू. नवी. कोरी."

"मग पानी आना त्या भांड्यात. घसा वाळलाय माजा."

आय आत धावली. नव्या पितळी तांब्यातलं पाणी रखमाबाईंनी एका दमात संपवलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "समुद्र कुटंशी हाय? इतका आवाज येतोय त्याचा. म्या कदी बगितला न्हाई."

दोघी उठल्या. आयनं त्यांचा हात धरला आणि वाळवणांच्या मधून, रिकाम्या बांबूंच्या ओळींतून त्यांना घेऊन गेली. ओटीवरून आम्हाला दिसत होतं. पहिली लाट पायाला लागली तशी रखमाबाई मागं सरल्या. मग नऊवारीचा ओचा खोचून पुढं गेल्या. काहीतरी म्हणाल्या. आय हसली.

पंढरी माझ्या शेजारी बसला होता. आमच्या मध्ये ना थर्मास होता, ना टेबल. मी त्याचा हात हातात घेतला. गार पडला होता, घाबरून. मी तो तसाच धरून ठेवला. समोर दोघी बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, आणि त्याचा हात हळूहळू ऊबदार होत गेला.